फिकट रंगाची रेड वाइन बिघडलेली नसते, तिला जपायचं ते उन्हापासून

भाच्याने फ्रान्सहून, बोजोले भागातल्या एका कुटुंबाच्या सेंद्रिय मळ्यातल्या दोन बाटल्या आणल्या. एक उघडली तर रंग फिकट, तळाशी गाळ, चव आंबटसर. दुसरी फेकून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच फेकू नका. पण ती भुसावळच्या मे महिन्यात कपाटात ठेवली असेल, तर आधी उठून फ्रिजमध्ये टाका आणि मग पुढचं वाचा.

काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक बिनरंगाचाच असतो, लाली उतरते ती सालीतून. बोजोलेची रेड वाइन गामे जातीच्या द्राक्षाची. तिथे घड हाताने तोडतात आणि बऱ्याचदा न चुरडता अख्खेच टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडला की मण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते. रसाला सालीची संगत थोडेच दिवस मिळते, म्हणून रंग हलका, तुरटपणा कमी आणि वास ताज्या चेरी-स्ट्रॉबेरीचा. आंबटपणा तर गामेचा स्वभावच आहे. व्हिनेगरसारखा नाकात झोंबला, तरच बिघाड समजा.

गाळाची काळजी नको. छोटे उत्पादक वाइन फारशी गाळत नाहीत. खाली बसतो तो यीस्टचा साका नाहीतर टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे खडे. प्यायच्या आधी बाटली काही तास उभी ठेवा आणि शेवटचा घोट ओतू नका.

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाहीच, असं नसतं. डाउनी या द्राक्षवेलीच्या रोगावर आपल्याकडचे द्राक्षवाले मारतात ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तिथल्या सेंद्रिय मळ्यांतही चालतं. मात्र युरोपीय नियमाने मोरचूदातलं तांबं ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर जाता कामा नये. तुमच्या दृष्टीने खरा मुद्दा सल्फाइटचा. साखर न उरलेल्या साध्या रेड वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, सेंद्रियला १००. वाइन टिकवण्याचं काम सल्फाइट करतं, आणि कित्येक छोटे मळेवाले ते याहूनही कमी घालतात. अशी बाटली आपल्या उन्हाळ्यात फार लवकर मान टाकते. इतक्या मेहनतीची वस्तू उकाड्याने वाया गेली की मला खरंच वाईट वाटतं.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, तो नियम थंड घरांतला. आपल्या खोलीत दुपारी पारा ३५च्या पुढे असतो. ही वाइन १२ ते १४ अंशांवर खुलते, तेव्हा फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पेल्यात ओता, आणि थोडी थोडीच ओता.

शेवभाजीबरोबर घेऊ नका. काळ्या मसाल्याच्या तर्रीपुढे फळाचा वास टिकत नाही आणि अल्कोहोलने मिरचीची आग आणखी भडकते. भरिताशी मात्र छान जमतं: तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि हिरवी मिरची जरा हात राखून. सोबत कळण्याची भाकरी. जाड, तुरट रेड इथे कडवट लागली असती; ही नाही लागत.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. दुसरी हिवाळ्यात भरिताची वांगी येईपर्यंत राखायची असेल तर फ्रिजमध्येच, आडवी ठेवा. त्याहून जास्त मात्र थांबू नका, ही ताजेपणीच प्यायची वाइन आहे.