कथेतला 'ओलसर' शब्द वाचकांना खटकतो, काढून टाकू का?

सरसकट काढू नका. आधी तो कशाच्या शेजारी बसलाय ते बघा.

तिघांनी 'ओलसर' नको म्हटलं आणि कारण एकालाही सांगता आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. यात नवल काहीच नाही. इंग्रजीत 'मॉइस्ट' (म्हणजे ओलसरच) हा शब्द असाच बदनाम आहे. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजच्या पॉल थिबोडो यांनी २०१६ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. साधारण पाचातल्या एकाला तो शब्द नकोसा वाटत होता. पुष्कळांनी खापर उच्चारावर फोडलं. पण तसाच उच्चार असलेला 'हॉइस्ट' त्यांना खटकत नव्हता, खटकत होते ते शरीराशी आणि त्याच्या स्रावांशी जोडलेले शब्द. केकबिकसारखा खाण्याचा शब्द सोबत आला की 'मॉइस्ट'ची किळस कमी व्हायची.

मराठीतही हेच ताडून बघता येतं. 'ओलसर माती', 'ओलसर टॉवेल' कुणाला टोचत नाही. 'ओलसर ओठ' म्हटलं की अंग आक्रसतं. गुळाचा पाक चिकट असला तर बिघडत नाही, नायिकेची मान चिकट झाली की बिघडतं.

'बुळबुळीत', 'लिबलिबीत', 'गिळगिळीत' यांच्यात मात्र नादही काम करतो, असं माझं मत (संशोधन काही म्हणो). शेवाळ बुळबुळीतच हवं, तिथे भिडस्तपणा नको. फक्त एका पानावर दोनदा नको.

असे शब्द कथेच्या फाइलमध्ये शोधताना पूर्ण शब्द टाकू नका, मूळ टाका. 'बुळबुळ' टाकलंत तर 'बुळबुळीत'ही सापडेल आणि 'बुळबुळणारं'ही. 'चिकट' टाकल्यावर 'चिकटला', 'चिकटवलं' अशी क्रियापदंही येतील, ती सोडून द्या. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असेल तर शोध काहीच दाखवणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या.

खरी गडबड होते ती बदली शब्द घेताना. 'ओलसर ओठ' काढून 'आर्द्र ओठ' केलंत तर किळस गेली, पण नाटकीपणा आला. 'चिकट'च्या जागी 'स्निग्ध' घातलात की तेलाची जाहिरात झाली. संस्कृतात पळण्यापेक्षा नेमकं लिहा: हवा दमट, भिंतीला ओल आलेली, तळवा घामेजलेला. बहुतेक वेळा विशेषण उडवून क्रियापदावर भागतं: 'तळव्याला घाम सुटला होता.'

'माझी मदत कर' असली वाक्यं कुणाला खटकली तर ती या खात्यात धरू नका. तो हिंदीचा साचा आहे, तक्रार रास्त आहे. 'मला मदत कर' करून टाका.

आणि पुढच्या वाचकांना कुठला शब्द आवडला नाही असं विचारूच नका. विचारलं की कुठला तरी सापडतोच. छापील प्रत आणि पेन्सिल द्या, जिथे अडखळाल त्या ओळीखाली रेघ मारा म्हणा. तिघांची रेघ एकाच ओळीखाली आली तर ती ओळ नव्याने लिहा. तिघांच्या रेघा तीन ठिकाणी असतील, तर 'ओलसर' राहू द्या.