हेडसेट परत करण्याआधी डोंगलची जागा बदलून बघा

या खेपेला आलेल्या प्रश्नांत वायरलेस गेमिंग हेडसेटचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून हेच एकत्र घेतो. आधी वाचकाचा प्रश्न, त्याखाली माझं उत्तर. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या हेडसेटपैकी बरेचसे मी न उघडताच परत पाठवतो, कारण खोट हेडसेटमध्ये नसते. पण ती घरात शोधायची कुठे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

नाशिकला सिडकोत आमचं रो-हाउस आहे. वरच्या खोलीत पीसी आहे, कॅबिनेट टेबलाखाली. नवीन वायरलेस हेडसेट घेतला, पण दर पाच-दहा मिनिटांनी टक्-टक् होऊन दोन्ही कानांतला आवाज क्षणभर जातो. रात्री अकरानंतर त्रास बराच कमी होतो. दुकानदार म्हणतो पीस चांगला आहे. परत करू का?

अजून परत करू नका. अकरानंतर त्रास कमी होतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हेडसेटचाच बिघाड असता, तर त्याला दिवस-रात्र सारखीच असती.

तुमचा डोंगल, म्हणजे हेडसेटसोबत आलेला, पीसीच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. हा पट्टा कुणालाही परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे तिथेच दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो. सिडकोतली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. संध्याकाळी फोनवर वायफायची यादी उघडून बघा, शेजारपाजारची किती नावं दिसतात ते. लोक झोपले की ही गर्दी ओसरते आणि तुमचा आवाज सुधारतो.

पण शेजाऱ्यांकडे जाण्याआधी स्वतःच्या टेबलाखाली वाका. डोंगल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टमध्ये आहे का? शेजारी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला आहे का? यूएसबी 3 चं काम चालू असताना पोर्ट आणि केबलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे डोंगलच्या कानाशीच कुणीतरी ओरडत बसल्यासारखं होतं, आणि हेडसेटचा क्षीण आवाज त्याला ऐकूच येत नाही. त्यात पत्र्याचं कॅबिनेट मध्ये, आणि त्यावर तुम्ही स्वतः. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि या लहरी पाण्याला अडतात. खुर्ची वळवली की आवाज तुटतो तो यामुळेच.

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची साधी यूएसबी 2 एक्स्टेन्शन केबल आणा आणि डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी ठेवा. हेडसेट आणि डोंगल यांच्यात काही आडवं येऊ देऊ नका. राउटर डोंगलपासून निदान दीड-दोन मीटर दूर सरकवा. पीसी आणि फोन वायफायच्या 5 गिगाहर्ट्झवर घ्या. जे 2.4 वरच राहणार, त्यांच्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. हे तिन्ही चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, मधला कुठलाही घेतला की दोघांना त्रास देतो.

एवढं करून तीन-चार संध्याकाळी खेळून बघा. तरी तसंच राहिलं, तर हेडसेट आणि डोंगल एखाद्या मित्राच्या मोकळ्या घरी नेऊन तपासा. तिथेही आवाज तुटला तर मात्र पीस सदोष आहे, बिल घेऊन दुकानात जा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आणखी एक खूण लक्षात ठेवा: आवाज फक्त एकाच कानातला जात असेल, आणि हेडसेटची डोक्यावरची पट्टी ताणल्यावर परत येत असेल, तर हवेला दोष देऊ नका. बिजागरीपाशी आतली बारीक वायर तुटलेली असते.

मी कॉलेज रोडला रूमवर राहतो, इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपला ब्लूटूथने हेडसेट जोडून वॅलोरंट खेळतो. गाणी मस्त वाजतात, पण डिस्कॉर्डवर मित्रांशी बोलायला लागलो की सगळाच आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. फुटस्टेप कुठून येतात ते कळत नाही. ड्रायव्हर चार वेळा टाकून झाले.

पाचव्यांदा टाकू नकोस, ड्रायव्हर बरोबर आहे. तुला जे ऐकू येतंय ते ब्लूटूथच्या रचनेतच आहे.

ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक वाट आहे आणि फोनवर बोलण्यासाठी दुसरी. गाण्यांची वाट रुंद आहे, दोन्ही कानांना वेगळा आवाज देते, पण ती एकाच दिशेने चालते. तिच्यावरून माइक परत येऊ शकत नाही. म्हणून डिस्कॉर्डने माइक उघडला की विंडोज सगळा आवाज बोलण्याच्या वाटेवर टाकतं. ती मुळात हँड्स-फ्री कॉलसाठी बनवलेली. तिच्यात सहसा सेकंदाला आवाजाचे 8,000 किंवा 16,000 नमुने घेतले जातात. सीडीच्या गाण्यात हाच आकडा 44,100 असतो. वरचे बारीक स्वर कापले जातात आणि डावा-उजवा एक होऊन जातो. दिशा कळण्यासाठी कानाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात, म्हणजे तुझा शत्रू डावीकडून आला की उजवीकडून, ही माहिती हेडसेटपर्यंत पोचतच नाही.

त्यात उशीर वेगळा. गाण्यांच्या वाटेवरही साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातात. 200 मिलिसेकंद धर. सेकंदाला 60 फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात 12 फ्रेम निघून गेलेल्या असतात. गोळी लागल्यावर आवाज आला तर त्याचा उपयोग काय?

खर्च न करता करायचं असेल तर डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवड. वॅलोरंटच्या व्हॉइस सेटिंगमध्येही तोच निवड, नाहीतर एक मिटवलं आणि दुसऱ्याने उघडलं असं होईल. हेडसेटचा माइक कुणी मागितला नाही की आवाज पुन्हा भरदार होतो. किबोर्डची खटखट मित्रांना ऐकू जाईल, तेवढं नॉइज सप्रेशन चालू कर. उशीर मात्र याने जात नाही. तो घालवायचा तर डोंगलवाला हेडसेट किंवा वायरचा हेडसेट, हेच दोन मार्ग. 2022 मध्ये पूर्ण झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत माइक आणि चांगला आवाज एकत्र चालू शकतात, पण लॅपटॉप आणि हेडसेट दोघांनाही ती यायला हवी. तुझ्या जुन्या हेडसेटला ती नंतर शिकवता येईल, या आशेवर थांबू नकोस.

जाता जाता: वॅलोरंटमधलं एचआरटीएफ, विंडोजमधलं स्पेशियल साउंड आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं 7.1, हे तिन्ही एकाच वेळी चालू ठेवू नकोस. तिघंही आवाजाला दिशा द्यायचंच काम करतात, आणि एकावर एक चढले की नुसता चिखल होतो. गेममधलं ठेव, बाकी बंद कर.

भावाचा ब्लूटूथ हेडसेट पीएस 5 ला जोडायचा प्रयत्न केला, कन्सोल घेतच नाही. काही युक्ती आहे का?

सेटिंगमध्ये शोधत बसू नका. पीएस 5 साधे ब्लूटूथ हेडसेट स्वीकारत नाही, एक्सबॉक्सही नाही. हेडसेटला 3.5 मिमीची वायर लागत असेल तर ती सरळ कंट्रोलरमध्ये घाला, माइकसकट चालेल. नवा घेणार असाल तर डब्यावर पीएस 5 लिहिलंय का ते वाचा, कारण फक्त एक्सबॉक्ससाठी बनवलेला वायरलेस हेडसेट पीएस 5 वर चालत नाही.

पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. नातू सुट्टीला आलाय. कानाला ते मोठं यंत्र लावून रात्री खेळतो आणि इतक्या मोठ्याने बोलतो की शेजारी जागे होतात. रागावलं की म्हणतो, 'आजोबा, मी हळूच बोलतोय.' मुलगा खोटं बोलणारा नाही. मग हे काय?

आजोबा, तो खरंच खोटं बोलत नाही. दोन्ही हातांनी कान घट्ट झाका आणि काहीतरी बोलून बघा. स्वतःचा आवाज कोंडलेला, घुमल्यासारखा वाटेल, आणि नकळत तुम्हीही आवाज चढवाल. तुमचा नातू तीन-चार तास याच अवस्थेत असतो, वर गेमचा गोंगाट.

यावर इलाज हेडसेटमध्येच असतो. त्याला 'साइडटोन' म्हणतात, काही कंपन्या 'माइक मॉनिटरिंग' म्हणतात. तो चालू केला की माइकमधला स्वतःचा आवाज थोडासा स्वतःच्याच कानात सोडला जातो. पूर्वीच्या टेलिफोनमध्येही हीच सोय होती, म्हणून आपण रिसीव्हरमध्ये ओरडत नव्हतो. नातवाला एवढंच सांगा: हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये साइडटोन शोध आणि मध्यावर ठेव. शिवाय माइक तोंडासमोर धरायचा नाही, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर ठेवायचा. म्हणजे हळू बोललेलंही पोचतं आणि श्वासाची फुरफुर जात नाही. पहिल्याच रात्री फरक पडेल. त्याला रागावू नका, कारण त्याच्या कानांना जे कळतच नाही, त्याबद्दल तो बोलणी खातोय.

अंबडला कंपनीत शिफ्टला आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेला हेडसेट तेव्हा वीस तास चालायचा, आता पाच-सहा. वापर नसतो तेव्हा तो चार्जिंगलाच लावलेला असतो. शिवाय फोनच्या नव्या चार्जरने तो चार्जच होत नाही. पोर्ट गेलं का?

पोर्ट बहुतेक शाबूत आहे. नव्या चार्जरला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल असते. असा चार्जर समोरच्या यंत्राने ठरावीक रोधाची खूण दाखवली तरच वीज सोडतो. पैसे वाचवायला काही हेडसेटमध्ये ते दोन चिमुकले रोधक बसवलेलेच नसतात. जुना चौकोनी यूएसबी पोर्ट असलेला 5 व्होल्टचा चार्जर आणि डब्यातली मूळ केबल वापरा, चार्ज होईल. दोष आहे, पण बनवणाऱ्याचा, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.

बॅटरीचं मात्र वय झालंय. लिथियमची बॅटरी शंभर टक्क्यांवर तासन्‌तास ठेवली की लवकर म्हातारी होते, आणि उकाड्यात आणखी लवकर. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, आणि तेव्हाच हेडसेट कॅबिनेटच्या गरम झोताच्या वर टांगून चार्जिंगला लावलेला असतो. वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा, महिनाभर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून गार जागी ठेवा. गेलेली क्षमता परत येत नाही, पण बऱ्याच मॉडेलमध्ये सेल बदलता येतो. जुन्या सेलचा व्होल्टेज आणि माप तंतोतंत जुळवून, संरक्षक सर्किट असलेलाच सेल जाणकाराकडून बसवून घ्या. कप फुगलेला दिसला तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. आणि काढलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात घालून घंटागाडीत देऊ नका. गाडीत तो दाबला गेला की पेट घेतो, आणि तिथे माणसं उभी असतात. ई-कचरा घेणाऱ्याकडे वेगळा द्या.

दर पावसाळ्यात इअरपॅडची काळी पापडी निघून गालाला चिकटते. काही लावावं का?

काही लावू नका. खोबरेल तेल नाही, सॅनिटायझर तर नाहीच. ते चामडं नसून कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर असतो, दमट हवा आणि घाम मिळून त्याला आतून तोडतात. खेळून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि कपाटात कोंडून न ठेवता वाऱ्यावर ठेवा. सुटायला लागलेच की कपाची लांबी-रुंदी मोजून नवे पॅड मागवा. कापडी पॅड घेतले तर गाल सुटेल, पण बास थोडा कमी होईल, कारण कापडातून हवा निसटते.

इंदिरानगरला राहते. मुलगा चौदा वर्षांचा. गणपतीसाठी ढोलपथकात आहे, रोज संध्याकाळी सराव. घरी आला की हेडसेट लावून दोन तास गेम. परवा म्हणाला, 'आई, कानात कुंईं असा आवाज येतोय,' आणि सकाळी थांबला होता. हेडसेट बदलून चांगला घेऊ का?

ताई, हेडसेट महागातला घेऊन हे थांबणार नाही. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इतर सगळ्या बिघाडांत वस्तू बदलता येते.

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मोठ्या आवाजाने थकतात. तो 'कुंईं' त्यांचाच आहे. रात्रीत थांबला म्हणजे त्या सावरल्या, पण रोज थकवलं तर काही कायमच्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या उपकरणांसाठी आठवड्याचा हिशेब घालून दिलाय: मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, लहान मुलांसाठी 75 डेसिबल 40 तास. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांच्या मापाने 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला पाचच. नाशिक ढोल जवळून किती वाजतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याचा आठवड्याचा वाटा सरावातच संपतो, घरी येतो तेव्हा खात्यात काही शिल्लक नसतं. हेडसेट एकटा असता तर कदाचित निभावलं असतं.

ढोल सोडवू नका. ते वाजवण्यातला आनंद मला ठाऊक आहे, आणि तो त्या वयातच मिळतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून फोमचे इअरप्लग आणा आणि ते पिळून, कान वर ओढून आत कसे बसवायचे ते त्याला शिकवा. पथकातल्या ताशेवाल्या मुलांनाही द्या, त्यांच्या कानाशी तर ताशा आणखी तीक्ष्ण असतो. सरावाच्या दिवशी हेडसेट बंद, स्पीकरवर हळू आवाजात खेळू दे. इतर दिवशी आवाज निम्म्याच्या थोडा वर, आणि तो ठरवताना पंखा-कूलर चालू नको. कूलरच्या घरघरीवर मात करायला मुलं आवाज चढवतात आणि कूलर बंद झाला तरी तो खाली आणत नाहीत. फोन किंवा कन्सोलमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालता येत असेल तर ती तुम्ही घाला. तुम्ही शेजारी हातभर अंतरावर उभ्या राहून साध्या आवाजात हाक मारलीत आणि त्याला ती कळली नाही, तर आवाज जास्त आहे, हे घरगुती माप.

आणि या आठवड्यात त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या. आज सगळं नीट निघालं तरी तो कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना शेजारी ठेवून बघायला सांगा.