ग्रँड टूरर गाडी म्हणजे नक्की काय? बेंटली कॉन्टिनेन्टल जीटीत चामडं-लाकूड सोडून इंजिनिअरिंग म्हणून वेगळं काय असतं?

"एवढे कोटी देऊन शेवटी सोफा आणि फर्निचरच घ्यायचं ना?" नवीन मॉडेल कसं आहे आणि ते पुण्यात चालेल का हे विचारताना तुम्ही मारलेला हा टोमणा वाचून हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं असतं तर मीही हेच बोललो असतो. मी चाकणला सस्पेन्शनचे, म्हणजे खड्ड्यांचे धक्के सोसणाऱ्या चाकांकडच्या व्यवस्थेचे, पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, बुश, लिंक रॉड, शॉकअप हेच आमचं आयुष्य, आणि कंपनीने मला मध्ये इंग्लंडला पाठवलं होतं तेव्हा मी स्टोक-ऑन-ट्रेंटला राहायचो. तिथून क्रू साधारण पंचवीस किलोमीटर. क्रू म्हणजे इंग्लंडचं मनमाड समजा, कुठूनही कुठेही जायचं असलं की रेल्वे बदलायला इथे उतरायचं, बाकी गावात बघण्यासारखं फार काही नाही. पण याच गावात पिम्स लेनवर बेंटली या महागड्या ब्रिटिश गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. तो मुळात १९३८ साली रोल्स रॉइसच्या विमानांची इंजिनं बनवायला उभारला, कार तिथे १९४६ पासून बनायला लागल्या. आजूबाजूला साधी विटांची घरं आहेत, बाहेरून बघितलं तर इथे आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

आमच्या ऑफिसात रिटायरमेंटला टेकलेले एक काका होते, त्यांच्याकडे सेकंडहँड घेतलेली २०१८ ची कॉन्टिनेन्टल जीटी होती. एका रविवारी ते मला वेल्सच्या बाजूला घेऊन गेले. मी चालवली नाही, शेजारी बसलो फक्त, पण सस्पेन्शनवाल्या माणसाला शेजारच्या सीटवरून जास्त कळतं असं माझं मत आहे. चालवणारा रस्ता बघत असतो, शेजारी बसलेल्याला पार्श्वभागाने गाडी कळते.

आधी ग्रँड टूरर म्हणजे काय ते. शब्द इटालियन, ग्रान तुरिस्मो (जीटी हे त्याचंच लघुरूप), म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी. स्पोर्ट्स कार घेऊन तासभर मजा मारायची आणि घरी यायचं, ग्रँड टूररमध्ये सकाळी बसायचं, दोघांचं सामान डिकीत टाकायचं, हजार किलोमीटर वेगात तोडायचे आणि संध्याकाळी उतरल्यावर कंबर धरून बसायला नको, थेट जेवायला जाता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं पण इंजिनिअरच्या दृष्टीने हे दोन शत्रू एका घरात नांदवण्यासारखं आहे, कारण वेगासाठी स्प्रिंग कडक पाहिजे आणि आरामासाठी मऊ, वेगासाठी वजन कमी पाहिजे आणि आरामासाठी जाड काचा, जाड सीटा, आवाज अडवणारं साहित्य, म्हणजे सगळं वजन वाढवणारंच.

या घराण्याची मूळ गाडी म्हणजे १९५२ ची बेंटली आर-टाइप कॉन्टिनेन्टल. तिची गोष्ट मला फार आवडते. चार माणसं घेऊन ताशी १८५-१९० किलोमीटरने जाणारी गाडी करायची होती, आणि अडलं कशात, तर टायरमध्ये! त्या काळच्या टायरना एवढं वजन आणि एवढा वेग एकत्र झेपायचा नाही. म्हणून आयव्हन एव्हर्नडेन आणि जॉन ब्लॅचली या दोघांनी आकार विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेचा जोरदार झोत सोडणाऱ्या बोगद्यात, तपासून मागे उतरता केला, बॉडी अॅल्युमिनियमची, सीटच्या फ्रेमसुद्धा अॅल्युमिनियमच्या, बंपरसुद्धा. एकेक किलो झाडून काढला. गाडी सुमारे १७०० किलोत बसली. अशा फक्त २०८ गाड्या बनल्या.

आता २०१८ च्या गाडीचं वजन सांगतो, २२४४ किलो. म्हणजे आजोबांनी जे किलो झाडून काढले ते नातवाने व्याजासकट परत घेतले. माझ्या मते आजच्या लक्झरी जीटीचं सगळं इंजिनिअरिंग एका वाक्यात सांगायचं तर वजन लपवणं. हे एकदा डोक्यात ठेवलं की गाडीतली प्रत्येक गोष्ट का आहे ते कळायला लागतं.

पहिली लपवाछपवी वजन कुठे ठेवायचं याची. २००३ ला जी पहिली कॉन्टिनेन्टल जीटी आली (फोक्सवॅगनने १९९८ ला बेंटली घेतली होती, त्यानंतरची) ती फोक्सवॅगनच्याच फेटन या मोठ्या गाडीच्या सांगाड्यावर होती. त्यात ते अगडबंब डब्ल्यू१२ इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकायचं. हे इंजिन म्हणजे डोकेबाज प्रकार आहे, पंधरा अंशात चिकटवलेले सहा सिलिंडर अशा दोन जोड्या घ्यायच्या आणि त्या ७२ अंशात एकमेकींना जोडायच्या, म्हणजे बारा सिलिंडर असूनही लांबी आटोक्यात राहते. पण लांबी कमी असली तरी वजन कुठे जाणार? नाक जड. बैलगाडीत पुढे जास्त माल भरला की कसं होतं, सगळा भार बैलाच्या मानेवर, तसंच, वळणावर स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ म्हणते.

तिसऱ्या पिढीत (२०१७ ला दाखवली, २०१८ पासून बनायला लागली) पोर्शेच्या पुढाकाराने तयार झालेला एमएसबी नावाचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेतला, पोर्शेच्या पॅनामेरा गाडीचाच, आणि पुढची चाकं तब्बल १३५ मिलिमीटर पुढे सरकवली. इंजिन आपोआप चाकांच्या तुलनेत मागे आलं, वजनाची वाटणी पुढे-मागे ५५:४५ झाली. आणि गंमत म्हणजे गाडीचं रुपडं याच एका निर्णयाने पालटलं. पुढचं चाक आणि दरवाजा यांच्यातलं अंतर वाढलं, बॉनेट लांब दिसायला लागलं, समोरचा लटकता भाग कमी झाला, आणि बघणाऱ्याला कारण कळो न कळो, गाडी एकदम उंची वाटते. लोक म्हणतात डिझायनरने छान रेघ ओढली, अहो रेघ नंतर, आधी चाक सरकलं.

रेघेचं म्हणाल तर मागच्या चाकावरून जी धारदार कड जाते ती खरंच बघण्यासारखी आहे. काकांच्या गाडीवर मी बोट फिरवून बघितली, पत्र्याला घडी घातल्यासारखी. आमच्या प्रेस शॉपमधल्या कोणालाही विचारा, अॅल्युमिनियमचा पत्रा गार असताना एवढ्या खोल आणि एवढ्या टोकदार डायमध्ये (साच्यात) दाबला तर तो तिथेच फाटतो. कणिक नीट मुरली नसेल तर पोळी ताणताना फाटते ना, तसं. म्हणून इथे पत्रा साधारण ५०० अंशांपर्यंत तापवतात आणि हवेच्या दाबाने साच्यावर फुगवून बसवतात, सुपरफॉर्मिंग म्हणतात त्याला. गाडीची अख्खी बाजू अशी एका तुकड्यात बनते. नेहमीच्या प्रेसवर काही सेकंदात पॅनल पडतं, याला मिनिटं लागतात, त्यामुळे रोज हजार गाड्या काढणाऱ्या कंपनीला हे परवडणारच नाही. तुमच्या कोटींतले काही इथे गेले.

आता माझ्या घरचा विषय, सस्पेन्शन. इथे मी जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

कुठलीही गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, एसटी घाटात कलते तशी. ते कलणं थांबवायला डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एक स्टीलचा बार असतो, अँटी रोल बार, आमच्याकडे स्टॅबिलायझर पण म्हणतात. जाड बार टाकला की गाडी कमी कलते. पण मग त्याचा त्रास असा की सरळ रस्त्यावर डावं चाक खड्ड्यात गेलं की तो बार उजव्या चाकालाही ओढतो, आणि आतला माणूस डावीकडे उजवीकडे मुंडी हलवत बसतो. महागड्या मोठ्या एसयूव्हीत डोकं हलतं ते याचमुळे. म्हणजे जाड बार घ्या तर आराम गेला, बारीक घ्या तर घाटात जहाज.

बेंटलीने काय केलं, बार मधोमध कापला आणि मध्ये इलेक्ट्रिक मोटर बसवली. सरळ रस्त्यावर दोन्ही अर्धे एकमेकांपासून जवळजवळ मोकळे, ज्या चाकाचा खड्डा त्याने सोसावा. वळण आलं की मोटर ०.३ सेकंदात १३०० न्यूटन मीटरपर्यंत पीळ देते आणि गाडीला सरळ धरते. १३०० म्हणजे किती, तर त्या गाडीच्या सहा लिटरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळच, ९०० आहे! एवढा झटका द्यायला नेहमीच्या १२ व्होल्टवर चौपट करंट लागला असता, वायरी मनगटाएवढ्या झाल्या असत्या, म्हणून ४८ व्होल्टची वेगळी सिस्टिम. हे आधी त्यांच्या बेंटायगा या एसयूव्हीत आलं, मग जीटीत. याच्या जोडीला तीन कप्प्यांची एअर स्प्रिंग, आधीपेक्षा ६० टक्के जास्त हवा मावणारी. हवा जास्त तितकी स्प्रिंग मऊ, आणि कडक हवी असेल तेव्हा कप्पे बंद करायचे, फुग्याचा आकार लहान केल्यासारखं.

कागदावर हे सगळं मला माहीत होतं. पण वेल्समधल्या लँगोलेन गावाच्या वर हॉर्सशू पास नावाचा घाट आहे, नावाप्रमाणे घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण, कडेला मेंढ्या. काकांनी तिथे गाडी चांगलीच दामटली आणि मी सवयीने दाराच्या वरचं हँडल शोधायला हात वर केला, आणि हात तसाच राहिला, कारण धरायची गरजच पडली नाही. अंग बाजूला ढकललं जात होतं, म्हणजे वेग खरा होता, पण समोरची काच आणि क्षितिज एका पातळीत. मेंदूला दोन्हीचा मेळ बसेना. मी मांडीवर कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती ती सुद्धा सरकली नाही. खरं सांगतो, आयुष्यभर बुश दाबणाऱ्या माणसाला ते बघून थोडी असूया वाटली.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. ६३५ पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), शून्य ते शंभर ३.७ सेकंद, टॉप स्पीड ताशी ३३३ किलोमीटर. मला त्यापेक्षा हे आवडलं की टॉप स्पीड सहाव्या गिअरलाच लागतो, सातवा आणि आठवा फक्त निवांत जाण्यासाठी आहेत. आणि पायाचा जोर कमी असला की बारापैकी सहा सिलिंडर गुपचूप झोपतात. एम६ मोटरवेवर कधी झोपले कधी उठले मला ओळखता आलं नाही, आणि मी कान लावून बसलो होतो.

बरं, आता तो तुमचा सोफा. सीटवर चौकटीत चौकट असं शिवण असतं, त्या प्रत्येक चौकटीत ७१२ टाके. एका गाडीत दहा चौरस मीटरच्या वर लाकडाचा पातळ पापुद्रा लागतो आणि तो लावायला हाताने नऊ तास जातात. चामडं बैलाचंच घेतात, गाईचं नाही, कारण गाभण राहिल्यावर गाईचं कातडं ताणलं जातं आणि त्याच्या खुणा राहतात. हे सगळं भारी आहे, नाही म्हणत नाही, पण मला सगळ्यात आवडला तो फिरता डॅशबोर्ड. गाडी बंद असताना समोर सलग लाकूड, स्क्रीनचा मागमूस नाही, आणि चालू केली की लाकूड फिरून १२.३ इंची स्क्रीन येते, तिसऱ्या बाजूला काट्यांच्या तीन गोल तबकड्या, तापमान, होकायंत्र आणि स्टॉपवॉच. त्रिकोणी पेटी नुसती फिरवणं कोणीही करेल हो, पण काकांनी ते थांबवल्यावर मी लाकूड आणि कडेचा पट्टा यांच्यातली फट नखाने चाचपली, तिन्ही बाजूंना तेवढीच. गाडीत उन्हाने लाकूड प्रसरण पावतं, धातू वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि तरी फट तेवढीच. टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालेल यावर, रोज भांडणारा कोणीही माणूस ते बघून टोपी काढेल.

मागची सीट मात्र नावापुरती आहे, माझी उंची पाच फूट नऊ, मी दोन मिनिटं बसून बघितलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बाहेर आलो. तिथे मुलं बसवा नाहीतर जॅकेट ठेवा.

तुम्ही "नवीन मॉडेल" विचारलंय म्हणून तेही सांगतो. २०२४ ला चौथी पिढी आली आणि डब्ल्यू१२ इंजिन त्याच वर्षी कायमचं बंद झालं. आता चार लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) अधिक इलेक्ट्रिक मोटर, 'स्पीड' मॉडेलात मिळून ७८२ पीएस, आणि २५.९ किलोवॅट-अवरची बॅटरी, नुसत्या विजेवर कागदोपत्री ८१ किलोमीटर. वजन? २४५९ किलो. परत वाढलं. पण इथे त्यांनी हुशारी काय केली तर ती जड बॅटरी मागच्या चाकांच्या मागे ठेवली, आणि वजनाची वाटणी झाली ४९:५१, म्हणजे २००३ ला नाकावर पडणारी गाडी आता किंचित मागे जड. ज्या वजनाला वीस वर्षं लपवत होते त्याच वजनाचा तराजूच्या मापासारखा उपयोग करून घेतला. किंमत मोजली डिकीने, ३५८ लिटरची २६० वर आली. लांबच्या प्रवासाच्या गाडीची डिकी कमी करणं मला पटलेलं नाही, दोघांचं आठवड्याचं सामान म्हणजे जरा दाबूनच भरावं लागेल, पण बॅटरी कुठेतरी ठेवायचीच होती. समोरचे चार दिवे जाऊन दोन्ही बाजूंना एकेकच दिवा आला तेही मला अजून सवयीचं झालेलं नाही.

आणि शेवटचा तुमचा प्रश्न, पुण्यात अशी गाडी चालेल का. एअर सस्पेन्शन असल्यामुळे गाडी थोडी वर उचलता येते, स्पीडब्रेकरवरून तिरकी घालून निघेल. पण आरशांसकट ती जवळजवळ २.२ मीटर रुंद आहे. परत आल्यावर मी सहज टेप घेऊन आमच्या सोसायटीचं गेट मोजलं होतं, एक पाखा कायमचा गंजून बसलाय, उरलेल्यातून गाडी आत जाईल पण वॉचमनने खुर्ची उचलली तर.