कुड की वॉज एबल टू?

प्रश्न: काल धावतपळत लोकल पकडली आणि ऑफिसात 'आय कुड कॅच द ट्रेन' म्हणाले, तर मॅडम म्हणाल्या चूक. का हो? कॅनचा भूतकाळ कुडच ना?

उत्तर: कुडच, पण त्यात एक गोची आहे. मराठीतच बघा ना, 'लहानपणी मला झाडावर चढता यायचं' आणि 'काल चढता आलं', फरक कळतोय? यायचं म्हणजे अंगात असलेली कला, तिथे कुड. आलं म्हणजे त्या एका वेळी जमलं, तिथे वॉज एबल टू, नाहीतर सरळ 'आय कॉट द ट्रेन' म्हणून मोकळं व्हा, मला तर तेच बरं वाटतं. आणि गंमत म्हणजे गाडी चुकली असती तर 'कुडन्ट कॅच' बिनधास्त चाललं असतं, नकाराला ही अट नाहीच. नुसतं कुड ऐकलं की समोरच्याला 'पकडू शकेन' असंही वाटतं, म्हणून टोकलं असणार मॅडमनी.