वाचक विचारतात: सतरा ध्येयं बेटावर उतरवायची कशी?

प्रश्न (फोंडा, कॉलेज विद्यार्थिनी): नमस्कार, आम्हाला 'शाश्वत विकास ध्येयांचं स्थानिकीकरण' असा प्रोजेक्ट दिलाय आणि मी मालदीव घेतलंय. पण जिथे बघावं तिथे त्या सतरा ध्येयांचे तेच सतरा रंगीत चौकोन. प्रत्येक बेटावर ते बोर्ड लावले की झालं का स्थानिकीकरण?

उत्तर: अगं बोर्ड लावणं सगळ्यात स्वस्त, म्हणून तेच सगळीकडे आधी उरकतं. 2015 च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी 17 ध्येयं आणि 169 लक्ष्यं ठरवली, मुदत 2030 पर्यंत, पण ती ठरली देशांच्या हिशोबाने. आणि मालदीव म्हणजे काय, तर बाराशेच्या आसपास बेटं, त्यातली माणसं राहतात ती दोनशेहूनही कमी, सगळी जमीन गोळा केली तरी साधारण 300 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याचा बारावा हिस्साही नाही, आणि तेवढीशी जमीन दक्षिणोत्तर आठशेहून जास्त किलोमीटरांत विखुरलेली. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक एकट्या राजधानी माले आणि तिच्या लगतच्या बेटांवर. आता अशा देशाची सरासरी काढली तर ती मुख्यतः मालेचीच निघणार ना!

प्रोजेक्टला एकच ध्येय घे, सहावं, पाण्याचं. तिथे नदी नाही. वाळूच्या खाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो, जास्त उपसलं की खारट होतं, शोषखड्डे जवळ असले की घाण उतरते, आणि 2004 च्या त्सुनामीत तर कित्येक बेटांच्या विहिरी खारावल्या. मालेत समुद्राचं पाणी गोडं करून नळाने देतात. लांबच्या बेटांवर वर्षानुवर्षं भिस्त पावसाच्या टाक्यांवर, उन्हाळ्यात त्या आटल्या की सरकार बोटीने पाणी पाठवत आलंय. नळवाले तरी कुठे निश्चिंत! 2014 च्या डिसेंबरात मालेच्या पाणी प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले, तेव्हा आपल्या हवाई दलाची विमानं आणि नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली होती.

तर देशाच्या रिपोर्टात एक ओळ येते, 'अमुक टक्के लोकांना सुरक्षित पाणी'. बेटाच्या कौन्सिलला, म्हणजे आपल्या पंचायतीसारखीच ती, त्या ओळीचा उपयोग शून्य. तिने मोजायचं ते असं: टाकी कुठल्या महिन्यापर्यंत पुरली, बोट मागवल्यावर किती दिवसांनी आली, टाकीजवळच्या घरांचं सांडपाणी जातं कुठे. ध्येय तेच, पण मोजमाप बेटाचं, याला मी स्थानिकीकरण म्हणेन. तुझे सर वेगळी व्याख्या मागतील तर तीही लिही, मार्क सोडू नकोस!

आणि हो, पैसे आणि अधिकार कुणाकडे हे विसरू नकोस. 2010 च्या कायद्याने तिथे बेटांना निवडून आलेली कौन्सिलं मिळाली, 2019 च्या दुरुस्तीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, 2021 ची निवडणूक तशी झाली. चांगलंच आहे, पाणी भरणारी बाई मीटिंगला असली की टाकीचा विषय आपोआप वर येतो. पण चार-पाचशे वस्तीच्या बेटावर इंजिनिअर कुठून आणणार, म्हणून आराखडा मालेहूनच येतो आणि बेटाने सही करायची, हा धोका राहतोच.

प्रश्न (मडगाव): ही बेटं बुडणारच आहेत म्हणतात, मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: 2009 साली तिथल्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली, फोटो झकास आला, आणि तेव्हापासून सगळ्यांना बुडणंच तेवढं आठवतं. अहो, समुद्र वर चढतोय हे खरं आणि त्यात मालदीवच्या धुराचा वाटा नगण्य हेही खरं. पण उद्या सकाळी बेटावर बाळंतीण अडली तर तिला स्पीडबोट लागणार, ती 2100 सालापर्यंत थांबणार आहे का?

प्रश्न (दिवाडी बेट, गोवा): आमच्या ग्रामसभेत शाश्वत विकासाची थीम निवडायची म्हणून 'स्वच्छ आणि हरित गाव' पुकारलं, दोन मिनिटांत हात वर, ठराव पास. आम्हीही बेटावरचेच. यातून काही होतं का हो?

उत्तर: नुसत्या हात वर करण्याने नाही होत. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने सतरा ध्येयांच्या नऊ थीम केल्यात, त्यात पाण्याची आहे, आरोग्याची आहे, बायकांसाठीचीही आहे. कल्पना वाईट नाही. पण थीम घेतली आणि आकडा घेतला नाही तर ती पुढच्या वर्षीही तशीच घेता येते.

मोजलं की काय होतं ते बघा. पॅसिफिकमधल्या फिजीत वेराता भागातल्या उकुनिवानुआ गावाने 1997 मध्ये साधारण 24 हेक्टर किनारा शिंपल्या काढायला बंद केला. आपल्या तिसऱ्यांसारख्याच शिंपल्या, रोजच्या खाण्याच्या. विद्यापीठाच्या लोकांनी मोजायचं कसं ते शिकवलं, पण मोजायला उतरले गावचेच लोक, शिंपल्या वाढल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं आणि मग बंदी पुढे चालू ठेवली. तेव्हा शाश्वत विकास ध्येयांचा पत्ताही नव्हता.

दिवाडीला खाजन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, ती राखणारे बांध आहेत, भरती-ओहोटीचं पाणी आवरणाऱ्या दारांच्या मानशी आहेत. पुढच्या ग्रामसभेत विचारा: कुठल्या मानशीची दारं कुजलीत, शेवटची दुरुस्ती कधी झाली, बांध फुटून खारं पाणी शिरलं त्यात किती शेत पडीक राहिलं. पूल नाही, म्हणजे मध्यरात्री आजारी माणसाला फेरीबोटीने पलीकडे न्यायला किती वेळ लागतो, तोही लिहून काढा. हे सगळं पंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात जायला हवं. आणि सेक्रेटरी मिनिट्स लिहितील तेव्हा बाजूला उभे राहा, नुसतं 'चर्चा झाली' नको, मानशीचं नाव आणि दुरुस्तीचा महिना दोन्ही लिहून घ्या, पावसाच्या आधीचा महिना हं!