‘ईझी लिसनिंग’ म्हणजे सुगम संगीत का?

इंग्रजीत ‘ईझी लिसनिंग’ म्हणजे सहज ऐकता येणारं, कानाला सोपं लोकप्रिय संगीत. प्रश्न असा आहे: त्यात गणल्या जाणाऱ्या रे कॉनिफ या अमेरिकन वाद्यवृंदप्रमुखावर लिहिताना ‘तो बिग बँडकडून सुगम संगीताकडे वळला’ असं लिहिलं तर चालेल का? (बिग बँड म्हणजे ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन अशा फुंकवाद्यांचा मोठा जॅझ वाद्यवृंद.)

माझ्या मते नाही. अर्थ वरवर जुळतो, पण ‘सुगम संगीत’ वाचलं की मराठी माणसाच्या कानात भावगीत सुरू होतं. आकाशवाणीने रुळवलेल्या या शब्दात कविता असते, गायक असतो आणि शब्द नीट पोचला पाहिजे ही अट असते. शब्दप्रधान गायकी म्हणतात ती हीच. (ती गायलाही सुगम असते हा समज ऑडिशनला बसेपर्यंतच टिकतो.)

कॉनिफने नेमकं उलट केलं. आर्टी शॉ, हॅरी जेम्स यांच्या बँडमध्ये तयार झालेला हा ट्राँबोनवादक आणि अरेंजर, म्हणजे आपल्याकडचा संगीत संयोजक. युद्धानंतर मोठे बँड पोसणं परवडेना, श्रोते गायकांच्या मागे गेले आणि १९४८ मध्ये आलेल्या एलपीमुळे, म्हणजे लाँग-प्ले तबकडीमुळे, घरी बसून सलग ऐकायची सोय झाली. १९५६ च्या ‘स वंडरफुल’ या एलपीत त्याने बँड तसाच ठेवला, त्यात कोरस मिसळला आणि कोरसला शब्दच दिले नाहीत! बायकांचे आवाज ट्रंपेट-क्लॅरिनेटला जोडून, पुरुषांचे ट्राँबोनला जोडून, नुसतं ‘दा-दा, बा-बा’. गळ्याचं वाद्य झालं. पुढे १९६६ मध्ये ‘समव्हेअर, माय लव्ह’ शब्दांसकट गाजलं, पण तेही कोरसचंच.

‘सुश्राव्य संगीत’ही नको, सुश्राव्य ही दाद आहे, प्रकाराचं नाव नव्हे. ‘श्रवणसुलभ’ला सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

मुळात ‘ईझी लिसनिंग’ ही बाजाराने चिकटवलेली चिठ्ठी. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाने त्या नावाची लोकप्रिय गाण्यांची यादी १९६१ मध्ये सुरू केली आणि १९७९ मध्ये नाव बदलून ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ केलं. कॉनिफची ती एलपी आली तेव्हा असल्या संगीताला ‘मूड म्युझिक’ म्हणत. जॅझ, रॉक आपण जसेच्या तसे घेतले, तसंच हेही घ्यावं.

वाक्यातला ‘वळला’ही मला खटकतो, कारण बँड त्याने सोडलाच नाही. मी असं लिहीन: ‘कॉनिफने बिग बँडच्या वादनाला शब्दहीन कोरसची जोड दिली, पुढे या संगीताला ईझी लिसनिंग म्हणू लागले.’