राखमिश्रित काँक्रीट आणि सेंट्रिंग काढण्याची घाई

प्रश्न : सिमेंटची बचत व्हावी म्हणून आमच्या बांधकामावर फ्लाय अ‍ॅश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) मिसळलेले काँक्रीट वापरण्याचे ठरले आहे. पर्यावरण आणि सुरक्षितता ही दोन्ही खाती माझ्याकडेच आहेत. या बदलामुळे कामगारांच्या सुरक्षिततेत काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि तो नेमका सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू) काढताना पडतो. सिमेंट भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे सिमेंटचा काही भाग राखेने भरून काढणे योग्यच आहे. मात्र असे काँक्रीट सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः थंडीत, सावकाश ताकद धरते. जुन्या वेळापत्रकाप्रमाणे टेकू काढले, तर अर्धकच्चा स्लॅब खाली काम करणाऱ्यांवर कोसळू शकतो. म्हणून दिवस मोजण्याऐवजी क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी ओतलेले ठोकळे) तपासावेत. तेही प्रयोगशाळेच्या उबदार हौदातले नव्हे, तर स्लॅबशेजारी त्याच हवेत ठेवलेले, कारण हौदातला क्यूब स्लॅबपेक्षा अधिक ताकद दाखवतो. हा वाढीव अवधी कंत्राटातच लिहून घ्यावा, नाहीतर मुकादमावर घाईचे दडपण येते (आणि मुकादम ते कामगारांवर ढकलतो). उतरवलेल्या फळ्या पुन्हा वापरायच्या असतील, तर खिळे त्याच दिवशी उपटावेत आणि तडकलेल्या फळ्या बाजूला काढाव्यात.